दुसरी खुर्ची

आमच्या तालुक्यातले निम्मे शिक्षक एक जूनला जन्मले आणि उरलेल्यांतले बरेचसे एक जुलैला. यात ग्रहांचा काही संबंध नाही. पूर्वी बाप पोराला शाळेत घेऊन यायचा, गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे आणि हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं धरून एक तारीख टाकायचे. ती पोरं मोठी झाली, त्यांतली काही स्वतः गुरुजी झाली आणि पुढच्या पोरांना तशाच तारखा देत गेली. सरकारचा नियम असा, की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी एकतीस मे आणि तीस जूनला आमच्या पंचायत समितीच्या आवारात शाली, नारळ आणि जीपगाड्यांची जत्रा भरायची. बाहेर भाषणं चालायची आणि आत मी त्यांचे कागद जुळवत बसलेली असायची.

मी तिथे पेन्शनच्या टेबलावर होते. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण लोक ओळखतील आणि मला अजून बाजारात जावं लागतं. मला सगळे तायडे मॅडम म्हणत. माझे यजमान जिल्हा परिषदेत ग्रामसेवक होते. ते गेले तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. अनुकंपा तत्त्वावर मला त्यांच्या जागी कारकून म्हणून घेतलं. मुलीला सासूबाईंनी सांभाळलं आणि मी वडनेर भोलजीहून एसटीने जाणं-येणं करत सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यांतली एकोणीस वर्षं याच टेबलावर गेली. हे टेबल कुणालाच नको असतं. इथे येणारा प्रत्येक माणूस थकलेला किंवा घाबरलेला असतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही असतो.

काम थोडक्यात सांगते. माणूस नोकरीला लागला की त्याची सेवापुस्तिका निघते. बदली, पगारवाढ, रजा, शिक्षा, लग्न, मुलं, सगळं तिच्यात चढवत जायचं. निवृत्तीला वर्ष उरलं की मी ती पुस्तिका काढून पहिल्या पानापासून वाचायची. तीस-पस्तीस वर्षांत कुणीतरी एखादी सही विसरलेला असतोच. तो शोधायचा, जिवंत असेल तर त्याच्याकडून घ्यायची, नसेल तर दुसरा उपाय करायचा. मग नवराबायकोचा जोडीने काढलेला फोटो, दोघांच्या सह्यांचे नमुने, वारसाचं नाव, आणि प्रकरण जिल्ह्याला. शेवटी शिक्षकाला एक मोठा निर्णय घ्यायचा असतो, तो म्हणजे अंशराशीकरण. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. आपल्या पेन्शनचा काही भाग सरकारला विकायचा आणि त्याची एकरकमी किंमत आज घ्यायची. चाळीस टक्क्यांपर्यंत विकता येतो. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो, तोवर दरमहा तेवढी पेन्शन कमी. अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात एकदम मोठी रक्कम येणार म्हटल्यावर भल्याभल्यांचं डोकं फिरतं, आणि त्यांच्या पोरांचं त्याआधी फिरलेलं असतं.

जोडीच्या फोटोवरून तर माझी हयातभर करमणूक झाली. एका गुरुजींनी लग्नाच्या ग्रुप फोटोतून दोघांची डोकी कापून आणली होती, डोक्याला मुंडावळ्या. एकांनी अमावस्येला सही करणार नाही म्हणून प्रकरण तीन दिवस लांबवलं. एका बाईंचे मिस्टर सोबत आले होते. मी बाईंच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम वाचली, तसे ते उठून उभेच राहिले. बाईंनी वीस वर्षं पगारातून जास्तीची कपात करून घेतली होती आणि घरी पगारच तेवढा आहे म्हणून सांगितलं होतं. "मॅडम, हळू वाचायचं असतं," असं त्या मला जाताना दारात म्हणाल्या.

पण मी मोठ्यानेच वाचायची, आणि त्याला कारण होतं. या टेबलावर आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षात मी एक चूक केली होती. एका शिक्षकाचं प्रकरण मी केलं. ते बायकोचा फोटो घेऊन आले, तिच्या अंगठ्याचा ठसाही घरूनच घेऊन आले. मी शिक्के मारले. बाईंना पाहिलंच नाही. पुढे ते वारले आणि बाई कुटुंब पेन्शनसाठी आल्या, तेव्हा कागदावर त्यांचं नाव सुमन आणि बँकेत, मतदार यादीत, रेशन कार्डावर रुखमा. आपल्याकडे लग्नात पोरीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळावर नवऱ्याने सुमन लिहिलं, नोकरीला लागल्यावर तेच पुस्तिकेत लिहिलं, आणि त्यानंतर त्या बाईला सुमन म्हणून कुणी हाकसुद्धा मारली नाही. ती सुमन आणि ही रुखमा एकच, हे सिद्ध करायला दीड वर्ष लागलं. आदेश आला तेव्हा मी स्वतः तो घेऊन त्यांच्या गावी गेले. शिक्षकाची विधवा दुसऱ्याच्या कपाशीत रोजाने निंदायला गेली होती. बांधावर उभी राहून मी त्यांना कागद दिला. त्या मातीचे हात लुगड्याला पुसत म्हणाल्या, "मले वाटलं, बंदच केलं सरकारनं. कोनी काही सांगतलंच नाई." मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परतताना एसटीत मी तोंडाला पदर लावून रडले.

दुसऱ्या दिवशी मी भंगारात टाकलेल्या सामानातून एक लोखंडी खुर्ची ओढून आणली. एक हात मोडका, बसायला धड. ती माझ्या टेबलासमोर पहिल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, की फोटो जोडीने काढा आणि कागदावर सह्या करायलाही जोडीनेच या, तसा नियम आहे. नियम असा कुठेही नाही. फोटो जोडीचा लागतो एवढंच आहे. पुढची अट माझ्या पदरची. सोळा वर्षं मी ती कोऱ्या चेहऱ्याने सांगितली आणि ती सांगताना मला कधी लाज वाटली नाही. दोघांना बसवायचं, सगळे आकडे मोठ्याने वाचायचे, नाव विचारायचं, मग सही. पाचपन्नास नावं तरी त्या मोडक्या खुर्चीमुळे वेळेवर दुरुस्त झाली. या कामाचा मला अजून अभिमान आहे.

माझी दीड वर्षं उरली असताना ढगे गुरुजींचं प्रकरण आलं. हे मुख्याध्यापक, राहणार सोनाळ्याचे, नोकरी आमच्या तालुक्यात. अक्षर असं सुरेख, की त्यांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आम्ही नवीन शिक्षकांना नमुना म्हणून दाखवायचो. शब्दाचे पक्के आणि स्वभावाने ताठ. जानेवारीत ते सगळे कागद क्रमाने लावून घेऊन आले. चाळीस टक्के अंशराशीकरणाचा अर्ज भरलेला होता. मुलाला जळगाव जामोदला बी-बियाणांचं दुकान टाकायचं होतं. हाती येणारं सगळं, रजेचे पैसे धरून, त्यात घालायचं ठरलं होतं. पत्नीच्या सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा होता.

मी म्हटलं, "गुरुजी, बाईंना घेऊन या."

"तिले काय समजते याच्यातलं? अंगठा आनला ना तिचा."

"नियम आहे गुरुजी."

नियम म्हटल्यावर ते उठले. आयुष्यभर नियमाने चाललेला माणूस. आठ दिवसांनी ते पत्नीला घेऊन आले. गोकर्णाबाई ठेंगण्या, हिरवं नऊवारी, हातात कापडी पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी नाव विचारलं, ते बरोबर निघालं. मग वाचायला सुरुवात केली. पेन्शन इतकी, त्यातली विकली तर इतकी राहणार, एकरकमी इतके येणार, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी इतकी. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. शेवटी मी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी बोट ठेवून तो पाहिला.

"हा अंगठा कोनाचा हाये?" त्यांनी विचारलं.

गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, सायकल स्टँड होता.

"तुमचा नाही काय?" मी विचारलं.

"माहा कसा राहीन? मी त सही करते." त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि टेबलावरच्या रद्दी कागदावर लिहिलं, गोकर्णा वसंत ढगे. सावकाश लिहिलं, पण अक्षर थेट गुरुजींच्या वळणाचं. "हे पोराईले शिकवत होते ना, तवा आमची खोली शाळेलेच लागून होती. मी भांडे घासत घासत आयकत होती. पाटीवर काढून पाहे अन् पुसून टाके."

गुरुजी आपल्या बायकोकडे बघत राहिले. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिची सही पहिल्यांदाच पाहिली असावी. अंगठा त्यांचा स्वतःचाच होता, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. बायकोला विचारायला नको आणि आकडे सांगायला नकोत, म्हणून या सज्जन माणसाने आपलाच अंगठा शाईत बुडवला होता.

मी नवा कोरा फॉर्म पुढे केला. बाईंनी पेन खाली ठेवला.

"आज नाही करत सही," त्या म्हणाल्या. "दुकान पोराचं हाये, मले मान्य हाये. पन समदं त्याच्यात घालून आपुन दोघं कोनाच्या तोंडाकडं पाहाचं? पोराले घरी बसवू, तिघं बोलू, मंग करन मी सही."

"घरचं हापिसात काऊन काढून राह्यली?" गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले.

"घरी तुमी काढलंच नाही. मले त इथीच समजलं," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून उभ्या राहिल्या.

चौथ्या दिवशी माझ्याविरुद्ध तक्रार आली. दोन पानं, तेच सुरेख अक्षर. सदर कर्मचारी नियमात नसलेली अट घालून पेन्शन प्रकरणे अडवून ठेवतात आणि कुटुंबात कलह निर्माण करतात. गुरुजींनी घरी गेल्यावर नियमांचं पुस्तक काढून वाचलं होतं. एवढ्या वर्षांत असा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. एरवी नियम म्हटलं की लोक मान डोलावतात.

आता माझं काय पणाला लागलं तेही सांगते. कर्मचारी निवृत्त होताना त्याच्यावर विभागीय चौकशी चालू असेल, तर त्याला तात्पुरती पेन्शन मिळते आणि उपदान अडकतं. चौकशी कधी संपेल ते कुणीच सांगू शकत नाही. मी स्वतः अशी चार-पाच प्रकरणं केली होती. ते लोक पुढची दोन-तीन वर्षं माझ्या टेबलाशी येऊन, काही कळलं काय, असं विचारून जात. माझ्या उपदानाच्या पैशांवर मी वडनेरच्या घरावर मुलीसाठी वरची खोली बांधणार होते. ती खाजगी शाळेत शिकवते, माझ्याजवळच राहते. त्या खोलीचा नकाशा तिने वहीच्या पानावर काढून ठेवला होता, खिडकी पूर्वेला.

साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचे गटविकास अधिकारी, तरुण, पुण्याकडचे, मनाने चांगले. "ताई, कोणत्या शासन निर्णयात आहे हे?"

"कुठल्याच नाही साहेब."

त्यांनी चष्मा काढला. "मग असं करा. अनवधानाने झालं, पुढे होणार नाही, अशा दोन ओळी लिहून द्या. मी इथेच संपवतो. तुमचं थोडंच राहिलंय."

मला आठवडा दिला. त्या आठवड्यात माझ्या ड्रॉवरमध्ये गुरुजींच्या अंगठ्याचा कागद पडून होता. तो साहेबांच्या टेबलावर ठेवला असता, तर तक्रार त्याच मिनिटाला संपली असती. खोटा ठसा म्हणजे साधी गोष्ट नाही. रोज संध्याकाळी निघताना मी ड्रॉवर उघडून तो कागद पाहायची आणि परत बंद करायची. मी संत नाही, एक दिवस तर तो पर्समध्येही घातला होता. पण गुरुजींची पेन्शन अडकली की गोकर्णाबाईंची अडकली, हा हिशेब या टेबलावर मलाच सगळ्यात चांगला येत होता. त्या दोन ओळीही लिहायला बसले. अनवधानाने हा शब्द लिहिला आणि कपाशीच्या बांधावरच्या रुखमाबाई आठवल्या. अनवधानाने काय झालं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. खुर्ची मी पूर्ण शुद्धीत ठेवली होती. मी कागद फाडला आणि दुसरा लिहिला, की ही अट नियमात नाही हे मला माहीत होतं, मी ती जाणूनबुजून घातली, आणि का घातली ते खाली देत आहे. खाली रुखमाबाईंची हकिगत लिहिली, माझ्या चुकीसकट.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "हे मला वर पाठवावं लागेल, ताई. एकदा तक्रारदाराचा जबाब झाला की पाठवतो."

मुलीला रात्री जेवताना सांगितलं. तिने वहीतलं ते पान काढून पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाली, "खोली कुठं पळून नाई जात."

जबाबाच्या दिवशी ढगे गुरुजी आले, मागे गोकर्णाबाई. आधी माझ्या टेबलाशी आले. गोकर्णाबाई पहिल्या खुर्चीवर बसल्या, म्हणून गुरुजींना मोडक्या हाताच्या खुर्चीवर बसावं लागलं.

"तो कागद साहेबाले दाखवला नाही तुमी?"

"नाही."

"काऊन?"

"तुमची पेन्शन अडकली असती गुरुजी. मंग याईची बी अडकली असती." मी ड्रॉवरमधून तो कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलगडला, आपला अंगठा पाहिला, आणि चार घड्या करून खिशात घातला.

"लेखी देलेलं मी आजवर मागं घेतलं नाही," ते म्हणाले. "तक्रार खरी हाये. नियम नाहीच तसा. पन पुरवणी जोडता येते."

त्यांनी माझ्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसून पुरवणी लिहिली आणि साहेबांकडे नेण्याआधी मला वाचायला दिली. त्या कागदाची नक्कल माझ्याकडे आहे. चार ओळी आहेत. "मी केलेल्या तक्रारीतील मजकूर सत्य आहे. सदर कर्मचाऱ्यांनी माझ्या पत्नीस बसावयास दुसरी खुर्ची दिली. अशी खुर्ची शासनाच्या नियमात नाही. ती माझ्या घरातही नव्हती, तरी ती कार्यालयात कायम ठेवावी, ही विनंती."

साहेबांनी तक्रार, माझा खुलासा आणि पुरवणी एकत्र टाचून दप्तरी दाखल केली, वर पाठवलीच नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, की ताई, त्या खुर्चीचा हात तरी वेल्डिंग करून घ्या.

गुरुजींनी अंशराशीकरण केलंच नाही. रजेचे पैसे मुलाच्या दुकानाला दिले, बाकी दोघांच्या नावावर बँकेत. मुलगा काही महिने बापाशी बोलत नव्हता. दुकान ठरवलं होतं त्याच्या निम्म्या जागेत निघालं आणि चाललंय. एकतीस मेच्या निरोप समारंभात गुरुजींनी भाषण फार लांबवलं, ते मात्र कुणालाच थांबवता आलं नाही.

पुढच्या वर्षी माझी पाळी आली. माझी जन्मतारीख खरी आहे, सरकारी दवाखान्यातली, त्यामुळे मी जुलैअखेर एकटीच निवृत्त होणार होते. माझ्या टेबलावर बांधकाम विभागातून राठोड भाऊ आले होते. माझं प्रकरण त्यांनीच तयार केलं. सह्यांच्या दिवशी मी पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. फोटो एकटीचा होता. शेजारची खुर्ची रिकामी. मुलीला शाळेतून सुटी मिळाली नव्हती.

"मॅडम, जोडीनं यायचं असते, तुमीच सांगता," राठोड भाऊ म्हणाले. ते थट्टा करत होते. तेवढ्यात दारातून हिरवं नऊवारी आत आलं. राठोड भाऊंनी आदल्या दिवशी गुरुजींना फोन केला होता, हे मला नंतर कळलं. गोकर्णाबाई सोनाळ्याहून दोन बस बदलून एकट्या आल्या होत्या. पदराने कपाळ पुसून त्या दुसऱ्या खुर्चीवर बसल्या, आता कडेवर नाही, नीट टेकून.

"वाचा भाऊ," त्या म्हणाल्या. "मी आयकते."

राठोड भाऊंनी मोठ्याने वाचलं. पेन्शन, उपदान, निधी. माझं आयुष्य असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला ते बरंच मोठं वाटलं. मग ते वारसाच्या रकान्यावर आले आणि थबकले. वारस म्हणून माझ्या सासूबाईंचं नाव होतं. नोकरीला लागले तेव्हा मुलगी लहान होती, घरात तेवढंच एक मोठं माणूस होतं, म्हणून लिहिलं होतं.

"ह्या कुठी हायेत?" गोकर्णाबाईंनी विचारलं.

"गेल्या. नऊ वर्षं झाली."

"मंग अजून काऊन ठेवल्या?"

एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तिका पहिल्या पानापासून वाचल्या, आणि स्वतःची मी एकदाही उघडली नव्हती. मला वाटतं, ते नाव खोडायचं माझ्याच मनात नव्हतं. त्या बाईने माझी मुलगी वाढवली होती. मी सगळ्यांसमोर रडले, आणि राठोड भाऊ शिपायाला चहा आणायला पाठवून स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

मग नवा फॉर्म भरला. वारस म्हणून मुलीचं नाव लिहिलं. खाली दोन साक्षीदार लागतात. एक सही राठोड भाऊंनी केली. दुसऱ्या रकान्यावर मी बोट ठेवलं आणि कागद शेजारी सरकवला. गोकर्णाबाईंनी पिशवीतून स्वतःचा पेन काढला, कागद सरळ केला आणि पूर्ण नाव लिहिलं.